कालपासून बंद

"माजी, छेल्ली गोळी क्यारे लीधी?"

डॉक्टर धवलभाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नलिनीबाईंना रागच आला. त्यांचे यजमान सुभानराव आत खाटेवर आडवे, उजवा हात परक्याचा असावा तसा बाजूला पडलेला, तोंड एका अंगाला ओढलेलं, आणि हा पोरसवदा डॉक्टर शेवटच्या गोळीचाच धोशा लावून बसलेला. बाकी काही विचारण्यासारखं नव्हतंच का त्याच्याकडे?

"सांगितलं ना साहेब," त्या म्हणाल्या. "रविवारपासून बंद आहे. शनिवारी रात्री घेतली, ती शेवटची."

"चोक्कस?"

"चोक्कस म्हणजे काय! अगदी खात्रीनं. घरात मी असते, दुसरं कोण असतं?"

नलिनीबाईंना घरातलं सगळं माहीत असतं, ही दांडिया बाजारातल्या शिर्क्यांच्या घरातली सर्वमान्य गोष्ट होती. विम्याचा कागद कुठल्या कपाटात, जावयाला कुठली भाजी चालत नाही, थोरल्या भाऊजींची कानात घालायची मशीन काल कुठं राहिली, सगळं त्यांनाच विचारायचं. शेचाळीस वर्षांपूर्वी साताऱ्याकडून या घरात आल्या तेव्हा त्यांना बडोद्यातलं काहीच कळत नव्हतं. त्याची भरपाई त्यांनी पुढं अशी व्याजासकट केली होती.

पण आज सकाळी त्यांना पहिलीच गोष्ट कळली नव्हती. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सुभानराव चहाची बशी ओठाला लावून म्हणाले, "यात ऊन कमी आहे." नलिनीबाई हसल्या. रिफायनरीत चौतीस वर्षं पाळ्या करून आलेला माणूस, विनोद वर्षातून एकदा करणार, तर त्याला दाद नको का द्यायला? त्या हसल्या, आणि बशी सांडली, आणि तरीही क्षणभर त्या हसतच राहिल्या. तेवढ्या हसण्याची लाज त्यांना आता डाचत होती.

त्यानंतर मात्र सगळं भराभर झालं. शेजारच्या श्रीपतरावांनी गाडी काढली, थोरले भाऊजी फत्तेसिंहराव पायजम्यावरच पुढं बसले, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी सुभानराव या दवाखान्याच्या दारात होते. डोक्याचा फोटो झाला. धवलभाईंनी अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या मराठीत सांगितलं ते असं: मेंदूत रक्त सांडलेलं नाही, ही चांगली गोष्ट. डाव्या बाजूची मोठी नस गुठळीनं बंद झाली आहे, ही वाईट. सुभानरावांचं हृदय दोन वर्षांपासून तालात चालत नव्हतं, नुसतं फडफडत होतं. अशा हृदयात रक्त साकळतं आणि कधीतरी त्याचा गोळा सुटून वर जातो. म्हणूनच त्यांना रोज दोन वेळा रक्त पातळ करायची गोळी होती.

"आता दोन उपाय आहेत," धवलभाई म्हणाले होते. "एक, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन. ते या मिनिटाला सुरू करता येतं. दुसरा, जांघेतून तार वर मेंदूपर्यंत न्यायची आणि गुठळी ओढून काढायची. ती खोली तयार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतील. इंजेक्शन देऊन मग तारेनं काढणं, हे सगळ्यात बरं. पण अठ्ठेचाळीस तासांत ती गोळी पोटात गेली असेल, तर इंजेक्शन नाही. मेंदूत रक्त फुटेल. मग आपण काही करू शकत नाही."

शनिवार रात्र. म्हणजे साडेतीन दिवस झाले. धवलभाईंनी मान हलवली, नर्सला खूण केली, आणि नलिनीबाईंना वाटलं, चला, आपण होतो म्हणून निभावलं.

तेवढ्यात दीप्ती आली.

मुलाची, अनुजची बायको. वासण्याच्या शाखेतून तशीच निघालेली, गळ्यात बँकेचं ओळखपत्र. दिवाळीनंतर ती आणि अनुज वेगळे राहायला वासण्याला गेले, त्यानंतर सासूसुनेचं बोलणं फोनवर, तेही कामापुरतं उरलं होतं. दीप्ती डभोईची, माहेरचं गुजराती. तिला या घरात आणायला सगळ्यात जास्त विरोध फत्तेसिंहरावांचा होता आणि तोंडानं कबूल केलं नसलं तरी त्याखालोखाल नलिनीबाईंचा.

"अनुज सुरतेहून निघाले आहेत, आई. म्हणाले, डॉक्टर सांगतील तसं करा." तिनं काचेतून आत पाहिलं. नर्स इंजेक्शनची तयारी करत होती. "काय देतायत?"

"गुठळी विरघळायचं. बरं झालं बाई, रविवारपासून ती गोळी बंद होती ते."

"रविवारपासून?" दीप्ती वळली. "नाही आई. मंगळवारपासून."

"मंगळवार कुठला काढलास? सोमवारी दुपारी तुझाच फोन आला. म्हणालीस, आबांची रक्त पातळ करायची गोळी कालपासून बंद, गुरुवारी दाढ काढायची आहे."

"हो ने. कालपासून बंद."

"मग सोमवारी 'काल' म्हटल्यावर रविवारच ना?"

"नाही ने आई! काल म्हणजे..." दीप्ती थांबली. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. "काल म्हणजे आवती काल. उद्या. दातांचे डॉक्टर सोमवारी बोलले मला, कालथी बंध. तेच मी तुम्हाला सांगितलं."

धवलभाईंना सगळ्यांच्या आधी समजलं. त्यांनी हात वर केला आणि काचेपलीकडची नर्स जागच्या जागी थांबली.

गंमत अशी की हीच गोष्ट दीप्तीनं गुजरातीत सांगितली असती तर नलिनीबाईंना बरोबर कळली असती. गुजरातीत कालचा दिवसही 'काल' आणि उद्याचाही 'काल', हे भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्यांना शेचाळीस वर्षं शिकवलं होतं. पण सुनेनं कधी नव्हे ते नीट मराठीत बोलायचं मनावर घेतलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

"मला वाटलं, तू रविवारी ह्यांना सावलीहून घेऊन आलीस, तेव्हाच सांगितलं असशील," नलिनीबाई पुटपुटल्या. "मुलीकडून ह्यांना आणलंस तू. मला वाटलं, वाटेत बोलणं झालं."

"रविवारी मला स्वतःलाच माहीत नव्हतं, आई."

"म्हणून सांगत होतो मी!" फत्तेसिंहराव अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही बोलले की लोक वळून पाहत. "घरात दोन भाषा आल्या की असंच होणार. एकाला धड मराठी येत नाही आणि निरोप सांगायला पुढं."

दीप्तीनं मान खाली घातली. एरवी नलिनीबाईंना बरं वाटलं असतं. आज वाटलं नाही. का वाटलं नाही याचा विचार करायला त्यांना सवड नव्हती.

धवलभाईंनी बोटांवर हिशेब मांडला. आज बुधवार. रविवारची गोळी घेतलीच असणार, कारण बंद करायचं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. सोमवारी सकाळची नऊची पण घेतली, कारण फोन दुपारी आला. त्याला आता एकोणपन्नास तास होऊन गेले. "राहिली ती सोमवारची रात्र. रात्री नऊची गोळी घेतली असेल तर फक्त सदतीस तास झाले. इंजेक्शन देता येणार नाही. नसेल घेतली तर देता येईल. माजी, एका गोळीचा प्रश्न आहे. सोमवारे राते लीधी के नहीं?"

"रक्तात कळत नाही का ते?" फत्तेसिंहरावांनी विचारलं.

"या गोळीची तपासणी लगेच होत नाही, काका. रिपोर्ट येईपर्यंत मेंदू थांबणार नाही."

सोमवारची रात्र. नलिनीबाईंनी ती रात्र डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. संध्याकाळी त्या सुभानरावांना म्हणाल्या होत्या, "दीप्तीचा फोन होता. तुमची ती गोळी कालपासून बंद." आणि सुभानराव पेपरामागून म्हणाले होते, "बरं."

नुसतं बरं. तेव्हा त्यांना वाटलं, ह्यांना ठाऊकच आहे. रविवारपासून घेत नसतील म्हणूनच बरं म्हणाले. पण सुभानराव जन्मापासून बडोद्याचे. अर्धं आयुष्य गुजराती फोरमनच्या हाताखाली आणि बाकीचं गुजराती फिटरांच्या वर. त्यांच्या कानात कुठला काल शिरला? मराठी शिरला असता तर ते म्हणाले नसते का, अगं, काल तर मी घेतली? की तेवढं बोलायचाही त्यांना कंटाळा आला? शेचाळीस वर्षांत हा माणूस 'बरं'च्या पुढं क्वचित गेला, आणि त्याचं कौतुक त्या चारचौघांत सांगायच्या.

"तुझ्यासमोर घेतो ना तो गोळ्या?" फत्तेसिंहरावांनी विचारलं.

"नाही. स्वतःच्या हातानं घेतात. डबीला हात लावू देत नाहीत."

त्यांनी श्रीपतरावांच्या बायकोला फोन करून डबी उघडायला लावली. एका पाकिटात अकरा गोळ्या निघाल्या, दुसऱ्या अर्धवट पाकिटात चार. पण चार कधीच्या? सावलीला मुलीकडं, शलाकाकडं, सुभानराव आठवडाभर होते, तिथंही एक पाकीट राहिलेलं. शलाकाला फोन लावला, तो स्पीकरवर ठेवला, तर ती रडायलाच लागली.

"आई, मोजत काय बसलीस? इंजेक्शन द्या म्हणावं! माझ्या चुलतसासऱ्यांना उशीर झाला, ते अजून बोलत नाहीत. काका, तुम्ही सांगा ना तिला."

"मीही तेच म्हणतो," फत्तेसिंहराव म्हणाले. "आमच्या तालमीतल्या मान्यांना दिलं, आठव्या दिवशी स्वतःच्या पायानं घरी आले. हे बघ नलिनी, सोमवारी संध्याकाळी तू त्याला सांगितलंस गोळी बंद. तो मराठी माणूस आहे. मराठीच समजला असणार. रात्री कशाला घेईल? तू डॉक्टरांना ठाम सांग, नाही घेतली म्हणून. तू सांगितलंस की विषय संपला."

विषय संपला असता. हे नलिनीबाईंनाही दिसत होतं. धवलभाई त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. त्यांनी "नाही घेतली" म्हणायचा अवकाश, सुई शिरणार होती. आणि घेतली असेल तर?

"मी त्यांना विचारते," त्या म्हणाल्या.

धवलभाईंनी दार उघडून दिलं. सुभानराव डोळे उघडे ठेवून पडले होते. त्यांनी बायकोला ओळखलं; डाव्या हातानं तिचा पदर धरला. नलिनीबाईंना वाटलं, आता सांगतील.

"अहो, सोमवारी रात्री गोळी घेतली होती का?"

"हो," सुभानराव म्हणाले. जड, पण स्पष्ट.

देवाचीच कृपा! नलिनीबाईंनी डॉक्टरांकडं पाहिलं. धवलभाईंनी हळूच सुचवलं, "उलटं विचारा."

"सोमवारी रात्री घेतली नव्हती ना?"

"हो."

"अहो... तुमचं नाव अनुज आहे का?"

"हो," सुभानराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण चुकीचं बोलतोय एवढं त्यांना कळत होतं. बरोबर शब्द मात्र सापडत नव्हता. नलिनीबाईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. असं असहाय त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. उत्तर त्या कपाळाच्या आत, हाताखाली होतं, आणि तिथवर जायला वाट नव्हती.

बाहेर आल्या तेव्हा फत्तेसिंहराव दीप्तीला काहीतरी सुनावत होते. ती भिंतीला टेकून उभी होती. सासूला पाहून ती पुढं आली.

"आई, माझी चूक असेल. नंतर मला काय बोलायचं ते बोला. पण आबांनी माझ्यासमोर नेहमी 'काले मळीए' म्हणजे उद्या भेटू असंच म्हटलंय. ते गुजराती समजले असतील. नका देऊ इंजेक्शन."

"तू मध्ये बोलू नकोस," फत्तेसिंहराव म्हणाले. "नलिनी, बोल. वेळ चाललाय."

नलिनीबाईंच्या मनात जे चाललं होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सुभानराव गुजराती समजले असतील तर मंगळवारपासून त्यांनी गोळी सोडली, ती दातांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून. पण मराठी समजले असतील तर सोमवारची त्यांची एक गोळी नलिनीबाईंनी सोडवली, स्वतःच्या तोंडानं, एक शब्द उलटा ऐकून. त्या एका गोळीनं ही गुठळी अडली असती का? "नाही घेतली" म्हटलं तर त्यात तेही कबूल करणं होतं. "घेतली" म्हटलं तर त्या मोकळ्या. आपल्याला यातलं कुठलं उत्तर खरं म्हणून हवंय आणि कुठलं सोयीचं म्हणून, हे त्यांना स्वतःलाच कळेना.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही."

फत्तेसिंहरावांनी चमकून पाहिलं. त्या घरात हे वाक्य नलिनीबाईंच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"मघाशी रविवार सांगितलं तेही मी धरून चालले होते. पाहिलं नव्हतं. सोमवारचंही पाहिलं नाही. घेतली असेल, नसेलही."

"बस," धवलभाई म्हणाले. "आटलुंज जोईतुं हतुं." नेमकं एवढंच त्यांना हवं होतं. ते आता झपाट्यानं बोलायला लागले: शंका आहे, म्हणजे इंजेक्शन नाही. सरळ तार. नस मोठी आहे, तारेनं पोचता येईल. खोली तयार होत आली आहे. सही कोण करणार?

"आणि तार नाही पोचली तर?" फत्तेसिंहरावांचा आवाज चढला. "इंजेक्शनही नाही आणि तारही नाही! हिच्या एका 'माहीत नाही'पायी माझा भाऊ मुका राहिला तर?"

"राहतील कदाचित," धवलभाई म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत, हे नलिनीबाईंच्या पुढं कायम लक्षात राहिलं. "पण न बघता इंजेक्शन दिलं तर राहणारच नाहीत, असंही होऊ शकतं."

नलिनीबाईंनी कागदावर सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती. फत्तेसिंहरावांनी सवयीनं हात पुढं केला. घरातल्या प्रत्येक कागदावर दुसरी सही त्यांची असायची, घराच्या वाटणीपासून शलाकाच्या लग्नापर्यंत. नलिनीबाईंनी पेन दीप्तीच्या हातात दिलं.

"कर," त्या म्हणाल्या.

दीप्तीनं सही केली. घाईत नाव अर्धं चौकटीबाहेर गेलं.

मग वाट पाहणं. फत्तेसिंहराव लांबच्या बाकावर जाऊन पाठ करून बसले आणि शलाकाला फोनवर मोठ्यानं सगळा वृत्तांत देऊ लागले, त्यात "तुझी आई" हा शब्द वारंवार येत होता. सासूसुना मात्र एकमेकींशेजारी. दीप्तीनं पाण्याची बाटली दिली, नलिनीबाईंनी ती नुसती धरून ठेवली.

"आई, माझ्यामुळं झालं का हे?" दीप्तीनं शेवटी विचारलं.

"तू उद्या म्हणालीस, मी काल ऐकलं. त्यात तुझं किती नि माझं किती, हे मला काढता येत नाही." मग त्यांना राहवलं नाही. "मला भीती वाटते गं. त्यांनी सोमवारी घेतली नसेल, तर ती माझ्यामुळं."

"तुम्हाला कुणी सांगितलं असं?"

"कुणी नाही. म्हणून तर भीती वाटते."

दीप्ती त्यांना बिलगली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही सगळ्या दवाखान्यादेखत. नलिनीबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि मग पाहायचं सोडून दिलं.

सव्वा तासानं धवलभाई आले. टोपी काढून हातात घेतलेली. गुठळी निघाली, म्हणाले. दुसऱ्या खेपेला निघाली. नस मोकळी झाली. मेंदूचं किती वाचलं, हात किती हलेल, वाचा कधी येईल, हे आज कुणी सांगू शकणार नाही. एक-दोन दिवस बघावं लागेल. आणि हो, भेटायला एकच माणूस, दोन मिनिटं.

फत्तेसिंहराव उठले होते, पण नलिनीबाई त्यांच्या आधी दारात पोचल्या.

आत सुभानराव पांढऱ्या चादरीखाली निजले होते. नर्सनं सांगितल्यावर त्यांनी उजव्या हाताची बोटं हलवली. फार नाही, पण हलवली. तोंड मघापेक्षा सरळ दिसत होतं, की नलिनीबाईंना दिसावंसं वाटत होतं म्हणून दिसत होतं, कोण जाणे.

"नली," ते म्हणाले. जिभेवर शब्द लडबडला, पण 'हो' नव्हता. बायकोचंच नाव होतं.

नलिनीबाई खाली वाकल्या. डोळे गळत होते, ते त्यांनी पुसले नाहीत. तेवढ्यात सुभानरावांचे ओठ पुन्हा हलायला लागले. मघाचा प्रश्न त्यांच्या ध्यानात राहिला होता. सकाळपासून तो डोक्यात घेऊन पडलेले असावेत, नेमलेलं काम पुरं करायची त्यांची जुनी खोड.

"सो... सोम... वारी..." ते म्हणाले. "रात्री... मी..."

नलिनीबाईंनी त्यांच्या ओठांवर हात ठेवला.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "आता नका सांगू. कधीच नका."

सुभानरावांनी गोंधळून पाहिलं. मग डोळे मिटले.

बाहेर फत्तेसिंहराव दाराशीच उभे होते. "बोलला? काय म्हणाला? सोमवारी घेतली होती का नाही?"

"माझं नाव घेतलं."

"ते असू दे. गोळीचं विचारलंस का?"

"नाही."

"मग विचार की! कुणामुळं झालं हे घराला कळायला नको?"

"नको," नलिनीबाई म्हणाल्या. "मी विचारलं नाही, भाऊजी, आणि तुम्हीही विचारायचं नाही. या घरात यापुढं कुणीच विचारायचं नाही." मग त्यांनी दीप्तीला हाताला धरून दारापाशी आणलं. "नर्सला म्हणावं, मी सांगितलंय. दोन मिनिटं जाऊन ये. आबा तुला ओळखतात का ते बघ."